व्हर्च्युअल मशीन आणि होस्ट यांच्यात शेअर्ड मेमरी कशी जोडावी

व्हर्च्युअल मशीन म्हणजे गेस्ट आणि ती ज्या संगणकावर चालते तो होस्ट. गेस्टमधला डेटा होस्टकडे आणायला एरवी नेटवर्क पुरतं. पण पडद्याची चित्रं किंवा सेन्सरचे आकडे अखंड येत असतील, तर प्रत्येक बाइट इकडून तिकडे कॉपी करण्यातच प्रोसेसरचा वेळ जातो. अशा वेळी रॅमचा एकच तुकडा दोघांनाही दिसेल अशी व्यवस्था करावी. लिनक्स होस्टवर केव्हीएम आणि क्यूईएमयू ही व्हर्च्युअल मशीन चालवणारी जोडी असेल, तर त्यासाठी आयव्हीशमेम नावाचं उपकरण आयतं मिळतं. फक्त फायली शेअर करायच्या असतील तर एवढा खटाटोप नको, त्यासाठीच असलेलं व्हर्टिओ-एफएस वापरा.

१. आकार ठरवा. आकार दोनच्या घातातच हवा: १, २, ४, ८ एमबी असा. समजा १९२० × १०८० पिक्सेलचं चित्र पाठवायचं आहे. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर एका चित्राला सुमारे ७.९ एमबी लागतात. एक लिहिलं जात असताना दुसरं वाचता यावं म्हणून दोन चित्रांची जागा ठेवायची, म्हणजे १५.८ एमबी. १६ मध्ये हे जेमतेम बसतं, पण माउसचा पॉइंटर आणि इतर नोंदींना जागा उरत नाही. म्हणून सरळ ३२ घ्या.

२. मशीनच्या व्याख्येत उपकरण जोडा. मशीन पूर्ण बंद करा. विर्श या मशीन सांभाळणाऱ्या साधनाच्या एडिट आदेशाने तिची एक्सएमएल, म्हणजे व्याख्येची फाइल, उघडा आणि डिव्हायसेस विभागात शमेम हा टॅग घाला. त्यात नाव, आयव्हीशमेम-प्लेन हे मॉडेल आणि आकार, एवढंच लागतं. मग मशीन सुरू करा. गेस्टच्या आतून केलेलं रीस्टार्ट इथे चालत नाही, कारण नवी व्याख्या मशीन बंद करून पुन्हा चालू केल्यावरच लागू होते.

होस्टवर डेव्ह फोल्डरमधल्या एसएचएममध्ये (/dev/shm) त्या नावाची फाइल दिसायला हवी, आकार बरोबर ३,३५,५४,४३२ बाइट.

३. परवानग्या. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. फाइल क्यूईएमयूच्या युजरच्या नावे तयार होते आणि तुमच्या प्रोग्रामला ती उघडता येत नाही. त्यात ती जागा रॅममधली, त्यामुळे होस्ट रीस्टार्ट झाला की फाइल गेली. होस्ट सुरू होताना अशा फायली तयार करणाऱ्या टेम्पफाइल्स-डीमध्ये एका ओळीचा नियम लिहून ठेवा: मालक तुम्ही, ग्रुप क्यूईएमयूचा, परवानगी ०६६० (फक्त या दोघांना वाचता-लिहिता येईल अशी). एवढं करूनही नकार येत असेल तर अॅपआर्मर किंवा एसईलिनक्स या लिनक्सच्या संरक्षण व्यवस्थेचा लॉग पाहा. संरक्षणच बंद करून टाकू नका, त्या एका फाइलपुरती सूट द्या.

४. गेस्टमध्ये शोधा. लिनक्स गेस्टमध्ये एलएसपीसीआय हा उपकरणांची यादी दाखवणारा आदेश चालवल्यावर रेड हॅटच्या नावाने रॅम मेमरी असं उपकरण दिसेल. त्याच्या सिसएफएस (उपकरणांची माहिती फायलींच्या रूपात दाखवणारी जागा) फोल्डरमधली रिसोर्स२ ही फाइल म्हणजेच आपली मेमरी. ती कॅट या फाइल दाखवणाऱ्या आदेशाने वाचायला गेलात तर इनपुट-आउटपुट एरर येते. उपकरण बिघडलेलं नसतं, ही फाइल रूटच्या हक्काने एममॅप करूनच, म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीत जोडूनच, वापरायची असते. एममॅप केल्यावर प्रत्येक बाइटमध्ये एफएफ (सगळे बिट १) दिसलं, तर त्याच फोल्डरमधल्या एनेबल फाइलमध्ये १ लिहा. विंडोज गेस्टमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये पीसीआय स्टँडर्ड रॅम कंट्रोलर दिसतो, त्याला व्हर्टिओ-विन या विंडोज ड्रायव्हरसंचातला आयव्हीशमेम ड्रायव्हर लावा.

आता होस्टवरून पहिल्या बाइटमध्ये काहीतरी लिहा. गेस्टमध्ये तेच दिसलं की जोडणी झाली.

५. लिहिण्यावाचण्याचा करार ठरवा. खरं काम इथून सुरू होतं. प्लेन मॉडेलमध्ये दोघांनी एकाच वेळी हात लावू नये म्हणून कुलूप नाही आणि नवा डेटा आल्याची सूचना देणारा इंटरप्टही नाही. इंटरप्ट हवा असेल तर डोअरबेल मॉडेल आणि त्याचा वेगळा सर्व्हर लागतो. साध्या कामाला एक काउंटर पुरतो. लिहिणाऱ्याने आधी रिकाम्या जागेत डेटा पूर्ण लिहायचा, मगच काउंटर वाढवायचा. वाचणाऱ्याने आधी काउंटर पाहायचा, तो बदललेला असेल तरच डेटाला हात लावायचा. हा क्रम कंपायलर किंवा प्रोसेसर उलटवू शकतो. म्हणून काउंटर अॅटॉमिक (अर्धवट न बदलणारा) ठेवा, लिहिताना रिलीज आणि वाचताना अॅक्वायर हे क्रम टिकवणारे प्रकार वापरा. काउंटरला नुसता सी भाषेतला व्होलाटाइल हा शब्द लावून भागत नाही. वाचणारा मागे पडला तर लिहिणाऱ्याने थांबायचं की जुनं चित्र पुसायचं, हेही आधीच ठरवून टाका.

शेअर्ड मेमरीत पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, कधीच ठेवू नका. होस्ट आणि गेस्टमध्ये त्या तुकड्याचा पत्ता वेगवेगळा असतो, म्हणून सुरुवातीपासूनचं अंतर लिहा. आकडे ३२ किंवा ६४ बिट अशा ठरलेल्या मापाचेच घ्या.

६. गेस्टवर विश्वास ठेवू नका. मशीन वेगळी ठेवण्यामागचा हेतूच संरक्षण असतो आणि इथे आपण त्या भिंतीला स्वतःहून खिडकी पाडलेली असते. गेस्टने लांबी १०० लिहिली, होस्टने ती तपासली आणि नेमकी त्यानंतर गेस्टने १०,००० केली, तर होस्टचा प्रोग्राम हद्दीबाहेर वाचेल. म्हणून होस्टने लांबी आधी स्वतःच्या खासगी मेमरीत उतरवून घ्यावी, ती प्रत तपासावी आणि पुढे तीच वापरावी. मूळ जागेकडे पुन्हा वळू नये.