विंडोज सोडून लिनक्सवर गेम खेळायचेत? या चुका टाळा

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि मला येणाऱ्या फोनांचा विषय बदलला. आधी लोक विचारायचे, 'कुठला लॅपटॉप घेऊ?' आता विचारतात, 'आहे त्यावरच लिनक्स टाकू का?' लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम. प्रश्न रास्त आहे. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, नंतर बसवून घेतलेली एसएसडी, असं मशीन अजून धडधाकट असतं. पण विंडोज ११ त्याला दारातूनच परत पाठवतं, कारण टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर ही त्याची अट आहे.

टाकायला लिनक्स सोपं आहे, अर्ध्या तासाचं काम. माझ्याकडे रडत आलेली बहुतेक मशिनं त्या अर्ध्या तासात बिघडली नव्हती. आधी चौकशी राहिली होती, नाहीतर नंतर विंडोजच्या सवयीने कुणीतरी काहीतरी करून ठेवलं होतं. त्यात माझ्या भाच्याचा लॅपटॉपही आला, आणि तिथली निम्मी चूक माझीच होती.

गेमची यादी न काढता उडी मारणं

ऑगस्ट २०१८ मध्ये वाल्व्ह कंपनीने स्टीममध्ये, म्हणजे तिच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात, प्रोटॉन आणलं आणि चित्र पालटलं. विंडोजसाठी बनवलेल्या गेमला आपण विंडोजवरच आहोत असं प्रोटॉन भासवतं. गेम डायरेक्ट-थ्रीडी या विंडोजच्या ग्राफिक्सच्या भाषेत जे मागतो, ते खेळ चालू असतानाच लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनच्या भाषेत बदलून ग्राफिक्स कार्डाकडे पाठवलं जातं. २०२२ मध्ये आलेलं वाल्व्हचं हातात धरायचं गेम-यंत्र स्टीम डेक याच जोरावर चालतं. सायबरपंक २०७७, विचर ३, एल्डन रिंग, बाल्डर्स गेट ३ हे सगळे लिनक्सवर चालतात आणि छान चालतात. एकट्याने खेळायचे गेम ही आता चिंतेची बाब राहिलेली नाही.

गाडी अडते ती अँटीचीटपाशी, म्हणजे ऑनलाइन गेममधली लबाडी पकडणाऱ्या प्रोग्रामपाशी. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, जाऊन बसतं. लिनक्समध्ये त्याला बसायला तशी जागाच नाही, त्यामुळे व्हॅलोरंट चालत नाही. फोर्टनाइट नाही, पीसीवरचा पबजी नाही. इझी अँटीचीट आणि बॅटलआय यांना लिनक्स चालतं, पण परवानगी गेम बनवणाऱ्याने द्यायची असते, आणि दिलेली परवानगी तो काढूनही घेऊ शकतो. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर व्यवस्थित चालत होता. ३१ ऑक्टोबर २०२४ ला कंपनीने दार लावून घेतलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीटीए ऑनलाइनमध्ये बॅटलआय आलं आणि तिथलेही लिनक्सवाले बाहेर पडले. कथा खेळता येते, ऑनलाइन जाता येत नाही.

अशा गेमसाठी रात्र जागवू नका. प्रोटॉनच्या आवृत्त्या बदलून काही होणार नाही आणि फसवाफसवीचे उपाय केलेत तर खातं जाईल. तुमची संध्याकाळ व्हॅलोरंटमध्येच जात असेल तर विंडोज राहू द्या आणि लिनक्स शेजारी, शक्यतो वेगळ्या एसएसडीवर टाका. काउंटर-स्ट्राइक २ किंवा डोटा २ वर भागत असेल तर ते दोन्ही थेट लिनक्ससाठीच मिळतात.

बाकीच्या गेमची चौकशी प्रोटॉन-डीबी या खेळणाऱ्यांचे अनुभव गोळा करणाऱ्या साइटवर करा, फक्त गेमला मिळालेल्या पदकाचा रंग बघून परत येऊ नका. गोल्ड लिहिलेल्या गेमखाली गेल्या दोन महिन्यांत तीन जण 'अपडेटनंतर बंद पडतो' म्हणत असतील तर पदक जुनं आहे. आपल्याच जातीचं ग्राफिक्स कार्ड असलेल्या माणसाचा अनुभव शोधायचा. आणखी एक: चौथ्या पिढीच्या इंटेलवर, वेगळ्या कार्डाशिवाय, फार आशा ठेवू नका. त्या चिपची व्हल्कनची साथ अपुरी आहे, आणि प्रोटॉनचा सगळा डोलारा व्हल्कनवर उभा आहे.

सिक्युअर बूट बंद करणं, बिटलॉकरचा विचार न करता

सिक्युअर बूट म्हणजे खात्रीची सिस्टिमच सुरू होऊ देणारी मशीनची सोय. आता भाच्याची गोष्ट. शनिवारी दुपारी फोनवर मी त्याला म्हणालो, "बायॉसमध्ये जा, सिक्युअर बूट बंद कर, मग पेन ड्राइव्ह लाव." दहा वर्षं हाच सल्ला देत आलोय, जिभेवर बसलाय. पाच मिनिटांनी त्याचा फोन.

"मामा, विंडोज अठ्ठेचाळीस आकडी नंबर मागतंय."

ती बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कच्या कुलपाची, रिकव्हरी की. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलात की डिस्क बरेचदा आपोआप कुलूपबंद होते, आपल्याला पत्ताही नसतो. कुलपाची किल्ली टीपीएममध्ये असते आणि सिक्युअर बूटची स्थिती बदलली की टीपीएम ती देत नाही. किल्लीची प्रत मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. पण भाच्याचा लॅपटॉप घेताना दुकानदाराने घाईत स्वतःच्याच कुठल्याशा ईमेलवर खातं उघडून दिलं होतं. म्हणजे आमच्या घराची किल्ली दुकानात.

अशा वेळी घाबरून डिस्क फॉरमॅट करू नका. आम्ही सिक्युअर बूट पुन्हा चालू केलं आणि विंडोज मुकाट्याने उघडलं. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होतं. मग आधी सेटिंग्जमध्ये जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद केलं, कुलूप पूर्ण निघेपर्यंत थांबलो, आणि फोटो-कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घेतली. हा क्रम उलटा करायचा नाही.

आणि मुळात सिक्युअर बूट बंद करायची गरजच नव्हती. उबुंटू, मिंट, फेडोरा हे लिनक्सचे तिन्ही प्रकार ते चालू ठेवून बसतात. उलट बंद ठेवलंत तर विंडोज ११ वरचं व्हॅलोरंट रुसतं, कारण व्हॅनगार्डला तिथे सिक्युअर बूट लागतं. ज्या गेमसाठी विंडोज शिल्लक ठेवलं, तोच बंद.

निळा पडदा घाईत ओलांडणं

सिक्युअर बूट चालू आणि एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड, अशी जोडी असेल तर इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. लोक काहीतरी टाकतात आणि विसरतात. मशीन रीस्टार्ट होतं, जुन्या डॉससारखा निळा पडदा येतो, 'कुठलंही बटन दाबा' म्हणतो आणि दहापासून उलटे आकडे मोजायला लागतो. आपण तोवर चहा आणायला गेलेलो असतो, किंवा वरचाच 'कंटिन्यू बूट' दाबून मोकळे होतो.

तिथे निवडायचं असतं 'एनरोल एमओके' (ड्रायव्हरच्या किल्लीची नोंदणी), मग 'कंटिन्यू', मग 'येस', मग तो मघाचा पासवर्ड. टाइप करताना पडद्यावर ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, उमटायचेच नसतात. हे राहिलं तर ड्रायव्हर डिस्कवर असतो पण कर्नल त्याला आत घेत नाही. डेस्कटॉप दिसतो, ब्राउझर चालतो, सगळं ठीक वाटतं. गेम लावला की सेकंदाला चार फ्रेम आणि पंख्याचा आवाज मिक्सरसारखा.

ओळखायची खूण: स्टीमच्या मदत मेन्यूत सिस्टिमची माहिती उघडा आणि ड्रायव्हरच्या ओळीत काय लिहिलंय ते बघा. 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर चित्र कार्ड काढत नाहीये, बिचारा प्रोसेसर काढतोय. मग मोकयुटिल या साधनाने किल्लीची नोंदणी पुन्हा मागवायची, रीस्टार्ट करायचं आणि या वेळी चहा नंतर.

एनव्हिडियाच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून घेणं ही तर खास विंडोजची सवय. लिनक्सवर तो हाताने बसवला की पुढच्या कर्नल अपडेटला हमखास काळा पडदा. ड्रायव्हर आपल्या लिनक्सच्या ड्रायव्हर मॅनेजरमधूनच घ्या. जीटीएक्स १०५० किंवा १०६० असेल तर ५८० ही त्या कार्डांना चालणारी शेवटची मालिका. यादीत त्याहून मोठा आकडा दिसला म्हणून तो निवडायचा नाही. एएमडीचं कार्ड असेल तर हा अख्खा भाग विसरा, ड्रायव्हर कर्नलसोबतच येतो.

गेम नेमका कुठल्या कार्डावर चाललाय हे बघायला मँगोहड नावाचं छोटं साधन आहे. आंब्याशी काही संबंध नाही, पण कोपऱ्यात फ्रेम, तापमान आणि कार्डाचा भार दाखवतं.

जुन्या डी ड्राइव्हवरूनच गेम चालवणं

नव्वद जीबीचा गेम डी ड्राइव्हवर आहेच, पुन्हा कोण उतरवणार? म्हणून लोक स्टीमला तोच फोल्डर दाखवतात. प्ले दाबतात, बटन क्षणभर 'स्टॉप' होतं आणि परत 'प्ले'. चूक झाली असंही सांगत नाही. मग प्रोटॉनला शिव्या.

कारण असं. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटा सी ड्राइव्ह उभारतं आणि त्यात नावात अपूर्णविराम असलेल्या वस्तू ठेवतं. विंडोजच्या फाइली ठेवण्याच्या एनटीएफएस पद्धतीत असं नाव चालत नाही. दुसरं म्हणजे विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप'. आपण शटडाउन म्हणतो तेव्हा ते खरं तर अर्धवट झोपतं आणि ड्राइव्ह उघडाच सोडतं. लिनक्स मग त्या ड्राइव्हला हात लावत नाही, किंवा नुसतं वाचू देतं. फास्ट स्टार्टअप कंट्रोल पॅनलच्या पॉवर विभागातून बंद करा. दोन्ही सिस्टिम एका मशीनवर असतील तर हे पहिल्या दिवशी करायचं काम.

गेम मात्र पुन्हा उतरवायची गरज नाही. लिनक्सच्या स्वतःच्या एक्स्ट-फोर विभागात स्टीमची लायब्ररी करा, जुन्या 'कॉमन' फोल्डरातला गेमचा फोल्डर नव्या 'कॉमन'मध्ये कॉपी करा आणि स्टीममध्ये इन्स्टॉल म्हणा. स्टीम असलेल्या फाइली तपासतं आणि कमी पडेल तेवढंच उतरवतं. ज्या गेमची लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती आहे तिथे मात्र हा डाव साधत नाही.

स्टीम मिळेल तिथून टाकणं, आणि न वाचता 'हो' म्हणणं

उबुंटूच्या ॲप सेंटरमधून मिळणारं स्टीम हे स्नॅप पद्धतीचं, म्हणजे बंदिस्त डब्यातलं पॅकेज असतं. त्याच्या इतक्या तक्रारी येत होत्या की २०२४ च्या सुरुवातीला वाल्व्हच्याच इंजिनीयरने ते टाळायला सांगितलं. स्टीमच्या साइटवरची डेब (उबुंटू-मिंटसाठीची इन्स्टॉल) फाइल घ्या. ड्रायव्हर साइटवरून नको आणि स्टीम साइटवरून घ्या, हे विसंगत वाटेल, पण आहे तसं आहे. फ्लॅटपॅक या दुसऱ्या बंदिस्त पद्धतीचं स्टीमही चालतं, फक्त त्याला दुसरी डिस्क दिसत नाही. फ्लॅटसील हे परवानग्यांचं साधन उघडून परवानगी दिली की दिसते.

२०२१ मध्ये लायनस सेबास्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम टाकायला घेतलं. पॅकेजमध्ये गडबड होती, टर्मिनलने इशारा दिला की यासाठी डेस्कटॉपच काढावा लागेल, आणि पुढे जायचं तर 'हो, मी सांगतो तसं कर' अशा अर्थाचं वाक्य टाइप करायला लावलं. त्यांनी ते केलं. डेस्कटॉप गेला. चूक आधी पॅकेजचीच होती, हे खरं. पण काय काढलं जाणार याची यादी समोर होती. आपणही विंडोजवर वीस वर्षं 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करत आलोय.

ताईचं काम विसरणं

लॅपटॉप भाच्याचा असला तरी सोसायटीच्या नोटिसा ताई त्यावरच काढते. गेम चालू झाल्याच्या आनंदात आम्ही होतो आणि ती म्हणाली, "ते राहू दे. मला आधी 'दुसऱ्या' लिहून दाखव."

विंडोजवरचं तिचं मराठी टायपिंगचं साधन लिनक्ससाठी नव्हतं. इथे सेटिंग्जमध्ये मराठीचा कीबोर्ड जोडावा लागतो. इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी येत असेल तर प्रश्न मिटला: शिफ्टसह जे, मग डी, मग स्लॅश, आला ऱ्य. इंग्रजी अक्षरांवरून टाइप करायची सवय असेल तर आयबस या टायपिंगच्या साधनात मराठीचा फोनेटिक पर्याय आहे. जोडल्यावर एकदा लॉगआउट करा, नाहीतर यादीत दिसत नाही आणि माणूस उगाच पुन्हा पुन्हा टाकत बसतो.

लिब्रेऑफिस या लिनक्सवरच्या ऑफिसमध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून मराठी निवडायची. तिथे हिंदी राहिली तर काही फाँटमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. ताईने तेच पकडलं, "हा ल आपला नाही." कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फाँटमधल्या फाइली मात्र इकडे यायच्या आधीच युनिकोडमध्ये करून घ्या. नंतर उघडल्या तर नुसती इंग्रजी चिन्हांची भेळ दिसते.

टॅली लिनक्ससाठी येत नाही. जीएसटीसाठी डिजिटल सहीचा टोकन लावत असाल तर त्याच्या कंपनीचा लिनक्सचा ड्रायव्हर आहे का ते आधी बघा. हिशेबाचं मशीन सरळ आहे तसं ठेवा, रिटर्नच्या तारखेला प्रयोग नको. प्रिंटरचं म्हणाल तर एचपीचे बहुतेक लावले की चालतात, पण काही छोटे लेझर प्रिंटर रडवतात. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (लिनक्स न बसवता) मशीन सुरू करून एक पान छापून बघायला पाच मिनिटं लागतात.

किरकोळ

लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलात आणि घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर बॅटरी गेलेली नाही. मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगा, की झालं.

स्वस्तातला वायफाय डोंगल दिसत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा आणि आधी अपडेट घ्या. पुष्कळदा डोंगल त्यानंतर जिवंत होतो.

गेम सुरू होताना 'व्हल्कन शेडर्स' तयार करतोय असं लिहून स्टीम दहा मिनिटं थांबलं तर ते हँग झालेलं नसतं. वगळता येतं, पण मग पहिला अर्धा तास खेळ अडखळतो.

आणि मिंट असेल तर टाइमशिफ्टमध्ये, म्हणजे सिस्टिम जुन्या स्थितीत परत नेणाऱ्या साधनात, पहिला स्नॅपशॉट स्टीम टाकायच्या आधी घ्या. भाच्याने तो नंतर घेतला, ड्रायव्हरच्या खटपटीसकट. आता मागे गेलं की खटपटही परत येते.