श्रावणातली अंजनेरी रंगवताना

श्रावणात नाशिकच्या त्र्यंबक रस्त्याला बसून जलरंगात अंजनेरीचा डोंगर रंगवायचा असेल, तर ट्यूबमधला तयार हिरवा बाजूलाच ठेवा. त्यानं सगळं रान प्लास्टिकचं दिसतं. पिवळ्यात अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळा, वर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) अगदी कणभर. हिरव्याचा भडकपणा लगेच उतरतो. जवळच्या झाडीत पिवळा जास्त, मागच्या डोंगरात निळा आणि पाणी जास्त. कड्याच्या बेसॉल्ट खडकालाही काळा रंग नको, तेच निळं-तपकिरी घट्ट कालवा.

दमट हवेत कागद वाळता वाळत नाही. म्हणून ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड कागद घ्या, ढगात बुडालेला माथा ओल्या कागदावरच उरकून टाका आणि झाडांना हात लावण्याआधी पालथा हात कागदाला टेकवून पाहा. गार लागला तर थांबा, अजून ओल आहे.