क्रॅनबेरीच्या गोळ्या घेऊन राहिले? मग या चुका टाळा

आमच्या तालुक्याच्या गावात मेडिकलच्या काउंटरवर बाई बसते हे कळलं की बायका जरा मोकळ्या बोलतात. दुकानात माणसं असली तर बाजूला उभ्या राहतात, गर्दी पांगली की हळूच मोबाईल पुढे करतात, त्यावर कुठल्यातरी लाल फळाचा फोटो, "ताई, हे आहे का?" पहिले उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला जळजळ झाली म्हटलं की धण्याचं पाणी, सब्जा, नाहीतर ती गोडसर सायट्रेटची बाटली, एवढंच होतं. आता सगळ्यांना क्रॅनबेरी पाहिजे. गोळी, पुडी, गमी, ज्यूस, काहीही चालते. माझी क्रॅनबेरीशी दुष्मनी नाही, मी स्वतः विकते. पण लोक ज्या पद्धतीने घेऊन राहिले ते बघून डोकं दुखते, म्हणून हे लिहायला घेतलं.

जळजळ सुरू झाल्यावर क्रॅनबेरी घेणं

सगळ्यात मोठी आणि रोज दिसणारी चूक हीच. क्रॅनबेरीत पीएसी नावाचं द्रव्य असते, पूर्ण नाव प्रोअँथोसायनिडिन, लक्षात नाही राहिलं तरी चालेल. ते लघवीचं इन्फेक्शन करणाऱ्या ई. कोलाय जंतूला मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला चिकटू देत नाही आणि चिकटला नाही तर तो लघवीसोबत वाहून जातो. तिचं काम एवढंच. जो जंतू आधीच चिकटला, वाढला, त्याला मारायची ताकद तिच्यात नाही. डुकरं वावरात शिरून चरायला लागल्यावर कुंपणाची तार ओढून काय फायदा?

मागे कापूस वेचणीच्या दिवसात एक भाऊ यायचे. बायकोला लघवीला जळजळ, कुणीतरी व्हॉट्सॲपवर सांगितलं म्हणून क्रॅनबेरीच्या पुड्या नेल्या. काही दिवसांनी परत आले, "ताई, तेच लाल पुडीवालं द्या बरं." मी विचारलं, वहिनीची तब्येत कशी आहे? "हाय तशीच. रात्री अंग गरम रायते." मी म्हटलं भाऊ, ताप आहे तर हे नका नेऊ, आधी दवाखान्यात दाखवा, लघवी तपासा. तर म्हणे, "वेचणी आटपू द्या, मंग नेतो. बाया भेटून नाही राहिल्या ताई, घरचीच बसली तर कापूस कोन वेचन?" मी पुडी दिली नाही तर चिडले, समोरच्या दुकानातून घेतली आणि गेले. मग एका संध्याकाळी त्याच बाईला ऑटोत आडवी टाकून आणलं, थंडी वाजून अंग थडथड उडत होतं, उलट्या, पाठीत बरगडीच्या खाली हात लावू देत नव्हती. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरनं बघितलं आणि लगेच जिल्ह्याला पाठवलं. इन्फेक्शन वर किडनीपर्यंत गेलेलं, आणि तिथं रक्त तपासलं तर शुगर तीनशेच्या वर. तिला शुगर आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. बाई वाचली, पण सलाईनवर राहावं लागलं, वेचणी तर गेलीच, वरून खर्च. आणि या सगळ्या दिवसात ती बिचारी इमानदारीने रोज दोन टाइम लाल पाणी पिऊन राहिली होती.

म्हणून माझ्या काउंटरवर माझा एक नियम आहे, क्रॅनबेरी मागितली की मी आधी विचारते, आत्ता जळजळ आहे का? आहे म्हटलं की पुडी नाही. ताप, थंडी, कुशीत किंवा पाठीत दुखणं, उलटी, लघवीत रक्त, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. गरोदर बाई, शुगरवाले, लहान पोरं आणि पुरुष, यांना नुसती जळजळ असली तरी डॉक्टर. पुरुषांना तर मी मुद्दाम सांगते कारण ते बायकोच्या नावानं पुडी नेतात आणि स्वतः घेतात, मला काय कळत नाही का. पुरुषाला लघवीचं इन्फेक्शन झालं तर त्यामागे प्रोस्टेट, खडा, काहीतरी असू शकते, ते शोधावं लागते.

आणि तपासायला जाताना खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धुवून त्यात लघवी नेऊ नका. लॅबमधून स्वच्छ बंद डबी मागा, सुरुवातीची थोडी जाऊ द्या, मधली धरा, लवकर पोचवा. कल्चर, म्हणजे कोणता जंतू आहे ते वाढवून बघायची तपासणी, सांगितलं असेल तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी सॅम्पल द्या. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, तेवढाही धीर लोकांना नसतो. "ताई, मागच्या वेळची दोनच गोळ्या द्या ना" वाले तर वेगळेच. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, भांडा.

डबीवरचा मोठा आकडा बघून घेणं

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट. डबीवर समोर मोठ्या अक्षरात क्रॅनबेरी ४०० एमजी, ५०० एमजी, कुठं तर हजारोंचे आकडे, आणि लोक म्हणतात जास्तीवालं द्या. अहो, तो आकडा कशाचा आहे ते तर बघा. नुसत्या वाळलेल्या फळाच्या पावडरचा आहे, का अर्काचा, का "इतक्या ताज्या फळाच्या बरोबरीचा" असा हिशोब लावून फुगवलेला? कामाचं द्रव्य पीएसी, आणि अभ्यासांमध्ये बहुतेक वेळा दिवसाला ३६ एमजी पीएसी हा आकडा धरलेला दिसतो. डबी उलटी करा, मागच्या बारीक अक्षरात पीएसी किती लिहिलंय ते शोधा. लिहिलंच नसेल तर मी तरी ती डबी परत रॅकवर ठेवते. अर्क असेल आणि पीएसी किती टक्के ते दिलं असेल तर गुणाकार करा, मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर आहे, रील बघायलाच घेतला नाही तो.

स्वस्त मालात भेसळ पण होते. द्राक्षाच्या बियांचा अर्क, शेंगदाण्याची लाल फोलपटं, असं काही काही मिसळलेलं जगात सापडलेलं आहे. शेंगदाण्याची चटणी करताना आपण पाखडून फेकतो तीच फोलपटं, विचार करा. खरी क्रॅनबेरी अमेरिकेत आणि कॅनडात पिकते, विस्कॉन्सिन राज्यात सगळ्यात जास्त, इकडं तिची शेती नाही. म्हणून बाजारात कुणी सुट्टी "देशी क्रॅनबेरी" विकत असेल तर ती बहुतेक करवंदं, खायला चांगली, पण या कामाची नाहीत. आणि ड्रायफ्रूटच्या दुकानात लाल चिवट मनुक्यासारखी मिळते ती साखरेत घोळलेली असते.

डबीवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षेच्या खात्याचा, १४ आकडी नंबर बघा. ही गोष्ट खाद्यपदार्थात मोडते, औषधात नाही, लेबलवरच लिहिलेलं असते की औषधी वापरासाठी नाही. हे वाचून एक काका माझ्यावर रागावले होते की मग मेडिकलात काऊन ठेवलं. मुद्दा त्यांचा चूक नव्हता.

कुणालाही चालते समजणं

२०२३ साली कॉक्रेनचा, म्हणजे जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, मोठा आढावा आला, ५० अभ्यास, जवळपास ९ हजार लोक. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या बायकांमध्ये क्रॅनबेरीनं धोका साधारण पाव भागानं कमी झाला, लहान मुलांमध्ये पण फायदा दिसला. गंमत म्हणजे याच लोकांनी २०१२ मध्ये फारसा फायदा नाही म्हटलं होतं, नंतर अभ्यास वाढले तसं मत बदललं. पण वृद्धाश्रमातली म्हातारी माणसं, गरोदर बायका आणि ज्यांचं मूत्राशय नीट रिकामं होत नाही असे लोक, यांच्यात फायदा दिसला नाही. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्यानं, २०२० मध्ये कंपन्यांना डबीवर दावा लिहायची परवानगी दिली ती पण "मर्यादित पुरावा" या शब्दांसकट, आणि आधी इन्फेक्शन होऊन गेलेल्या निरोगी बायकांपुरतीच.

गरोदर बाईच्या लघवीत जंतू असले आणि काही त्रास नसला तरी उपचार लागतो, म्हणून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात फुकट तपासणी असते तिथं जा, आशाताई सांगतातच. सासूनं आणून दिलेली पुडी हा त्याला पर्याय नाही.

पाळी गेलेल्या बायकांना वारंवार होत असेल तर डॉक्टर आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम देतात, त्याचा चांगला उपयोग होतो, पण लाजेपायी कुणी विचारतच नाही आणि वर्षभर गोळ्या खात राहते.

चालू असलेली औषधं न सांगता घेणं

हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेले, रक्त पातळ करायची वॉरफेरीनसारखी गोळी घेणारे, यांनी स्वतःच्या मनानं अजिबात नाही. क्रॅनबेरीनं या गोळीचा असर वाढून रक्तस्राव होऊ शकतो, असं ब्रिटनमध्ये २००३ सालीच सावध केलं होतं. नंतरच्या काही छोट्या अभ्यासांत थोड्या ज्यूसनं फार फरक पडला नाही असंही दिसलं, पण रक्ताच्या गोळीसोबत प्रयोग कशाला करायचा? घ्यायचीच असेल तर डॉक्टरला सांगून, आयएनआर (रक्त किती पातळ झालं त्याची तपासणी) करून.

मुतखडा होऊन गेलेल्यांनी पण विचारून. क्रॅनबेरीच्या गोळ्यांनी लघवीतलं ऑक्सलेट वाढलेलं दिसलं आहे, आणि आपल्याकडे बहुतेक खडे त्याचेच. आपल्या इकडच्या उन्हात आधीच घराघरात एक खडेवाला आहे.

बाजारात तयार मिश्रणं येतात, क्रॅनबेरी अधिक डी-मॅनोज (एक प्रकारची साखर) अधिक पोटॅशियम सायट्रेट. लोकांना वाटते एकात तीन, सस्तं पडलं. किडनी कमजोर असेल, बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर हे पोटॅशियम रक्तात वाढून अंगावर येऊ शकते. आणि डी-मॅनोजचं म्हणाल तर २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या जवळपास ६०० बायकांवरच्या अभ्यासात ते नुसत्या दिखाऊ पावडरीपेक्षा काही सरस निघालं नाही. मी तरी मिश्रण सुचवत नाही.

आणखी एक, हे हल्ली लय दिसून राहिलं. शुगरची डॅपाग्लिफ्लोझिन गोळी २०२० नंतर स्वस्त झाली, खूप जणांना चालू आहे. ती लघवीवाटे साखर बाहेर काढते, त्यानं खालच्या जागी बुरशीचं इन्फेक्शन होऊ शकते, खाज, लाली, पांढरं जाणं. लोक त्यालाच लघवीचं इन्फेक्शन समजतात आणि क्रॅनबेरी मागतात. बुरशीवर तिचा काही उपयोग नाही. शुगरची गोळी मनानं बंद करू नका, ज्यानं दिली त्याला जाऊन सांगा.

चार दिवस घेऊन सोडणं

अभ्यासांमध्ये बायकांनी महिनोन्महिने रोज घेतली तेव्हा कुठं फरक दिसला. इकडं एक पत्ता संपला की "काही फरक नाही पडला ताई." एका पत्त्यात निंदणाची एका दिवसाची मजुरी जाते, कधी जास्तच. त्यामुळे मी स्पष्टच विचारते, सहा महिने परवडेल का? नसेल तर सुरूच करू नका, त्या पैशात पाण्याची चांगली दोन लिटरची कॅन घ्या.

पाण्याचं मी उगाच नाही म्हणत. २०१८ मध्ये एक अभ्यास आला, वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायका, अर्ध्यांना रोज दीड लिटर पाणी जास्तीचं प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. गोळीची किंमत शून्य. पण आपल्या बायका पाणी का पीत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे, वावरात आडोसा नाही, कपाशी कमरेएवढी होईपर्यंत तर काहीच लपत नाही, रस्त्याकडेला माणसं, म्हणून सकाळी घोटभर पाणी पिऊन निघायचं आणि दिवसभर दाबून धरायचं. वरून ऊन. दाबून धरलं की जंतूला वाढायला आयता वेळ मिळतो. माझी मामी वेचणीला जायची तेव्हा एक जुनं लुगडं आणि चार काड्या सोबत न्यायची, धुऱ्यावर आडोसा उभा करायची, बाकीच्या हसायच्या आणि मग रांगेत तिथंच यायच्या. तेवढं करा. किडनी किंवा हृदयाच्या पेशंटला डॉक्टरनं पाणी मोजून दिलं असेल तर मात्र तेवढंच प्या.

बाकी किरकोळ. ज्यूसच्या डब्यावर क्रॅनबेरीचं चित्र मोठं आणि आत साखरच जास्त, शुगरवाल्यांनी तर हातच लावू नका. उपाशीपोटी घेतली आणि मळमळलं तर जेवल्यावर घ्या. एकाच्या जागी चार घेतल्यानं चौपट फायदा होत नाही, ढाळ लागतात. आणि गमी घेतल्याच तर मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवून गावोगाव फिरू नका, ४५ डिग्रीत सगळ्यांचा मिळून एकच गोळा होतो, तो मी बदलून देत नाही.