अ‍ॅप मराठीत आणताना वाक्य तुकड्यांनी जोडू नका

बिलिंग किंवा डिलिव्हरीचं अ‍ॅप भाषांतराला देण्याआधी कोडमध्ये शब्द जोडून वाक्य कुठे तयार होतं, ते शोधा. इंग्रजीत शहराचं नाव जसंच्या तसं बसतं. मराठीत प्रत्यय लागला की नावाचं रूपच बदलतं. म्हणून स्क्रीनवर ‘पुणेला माल पाठवला’ उमटतं. नाव सुटं ठेवा: ‘माल पाठवला. ठिकाण: पुणे’. पूर्ण वाक्य एकाच स्ट्रिंगमध्ये (कोडमधल्या मजकुराच्या सलग तुकड्यात) द्या, त्यातल्या बदलत्या जागांना क्रमांक द्या. अनुवादकाला त्या मागेपुढे करता येतात. सोबत स्क्रीनशॉट हवाच. नुसत्या एक्सेल शीटवरून बटण कोणतं नि शीर्षक कोणतं, हे कळणार कसं?

रकमेचं फॉरमॅटिंग लोकेलवर (भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगवर) सोपवा, म्हणजे १,००,००० असं नीट दिसेल. पण सांभाळा: अँड्रॉइडवर मराठी लोकेल निवडलं की फॉरमॅट केलेले अंक देवनागरी होऊ शकतात. तेच सर्व्हरला गेले तर ऑर्डर अडकते, आणि चूक शोधायला फार वेळ जातो. सर्व्हरकडे जाणाऱ्या आकड्यांसाठी कोडमध्ये ‘लोकेल रूट’ (Locale.ROOT, म्हणजे कुठल्याच भाषेशी न बांधलेलं लोकेल) वापरा.

बटणांची उंची ठरावीक ठेवू नका. रफार आणि उकार कापले जातात.