लहान चौकोनी बेलरची जुळणी कशी करावी

मार्च महिन्यात गव्हाची कापणी कंबाइनने झाली की शिरपूर, शहादा, चोपडा या तापीकाठच्या भागांत काडाच्या ओळी शेतातच पडून राहतात. पावसाळ्यापूर्वी बेलरने, म्हणजे चाऱ्याचे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राने, त्यांचे गठ्ठे बांधून कोरड्या जागी रचले, तर तो चारा वर्षभर पुरतो. गठ्ठा सैल निघू लागला किंवा सुतळी सुटू लागली की चालक प्रथम नॉटरला, म्हणजे गाठ मारणाऱ्या भागाला, पाना लावतो. बिघाडाचे मूळ मात्र अनेकदा त्याआधीच्या टप्प्यांत असते. म्हणून जुळणी चारा ज्या क्रमाने यंत्रातून जातो त्याच क्रमाने करावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

कोणत्याही भागाला हात लावण्यापूर्वी पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरमधून यंत्राला शक्ती देणारा दांडा, बंद करून ट्रॅक्टरची किल्ली काढून घ्यावी आणि फ्लायव्हील, म्हणजे यंत्राचे जड फिरते चाक, पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी. सुतळी वर नेणाऱ्या सुया आणि नॉटर यांच्याजवळ हा नियम कधीही मोडू नये.

प्रथम पिकअपची, म्हणजे जमिनीवरून काड उचलणाऱ्या भागाची, उंची ठरवावी. दाते काड उचलतील, पण जमिनीला टेकणार नाहीत, इतके वर ठेवावेत, कारण काळ्या जमिनीतील ढेकळे आणि माती आत गेली तर चाऱ्याची प्रत घसरते आणि प्लंजरचे, म्हणजे पुढेमागे होऊन चारा दाबणाऱ्या भागाचे, पातेही लवकर बोथट होते. पाते आणि समोरची स्थिर पट्टी यांतील फट यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. गठ्ठ्याची एक बाजू कुरतडल्यासारखी निघाली, तर पात्याची धार पाहावी.

पीटीओचा वेग पुस्तिकेत सांगितलेलाच, सहसा मिनिटाला ५४० फेरे, ठेवावा आणि काडाच्या जाडीप्रमाणे ट्रॅक्टरचा गिअर बदलावा. एका गठ्ठ्यात साधारण १२ ते १५ थर पडले की चाल बरोबर आहे असे समजावे. गठ्ठा वाकडा निघत असेल, तर ज्या बाजूला चारा कमी भरतो ती बाजू आखूड राहते. अशा वेळी ओळ एकसारखी करावी आणि पुरेसे नसेल तरच चारा आत ढकलणारे फोर्क सरकवावेत.

यानंतर घट्टपणा. गठ्ठ्यावर दाब देणाऱ्या दोन्ही स्प्रिंगा मोजपट्टीने मोजून सारख्या दाबाव्यात आणि पहिले काही गठ्ठे निघेपर्यंत ताण थोडा थोडा वाढवावा. गव्हाचे काड कोरडे आणि निसरडे असल्याने त्याला जास्त ताण लागतो, तर किंचित ओलसर चारा गठ्ठा तयार होणाऱ्या कक्षाच्या भिंतींना घासून स्वतःच दाटतो. म्हणून सकाळी बसवलेला ताण खानदेशातील भर दुपारी अपुरा पडतो आणि दुपारी वाढवलेला ताण संध्याकाळी जास्त होऊन शिअर बोल्ट तुटू शकतो. बोल्ट तुटला म्हणून त्याच्या जागी अधिक कडक बोल्ट घालू नये; तो तुटतो म्हणूनच पुढील महागडे भाग वाचतात. ओला चारा मात्र बांधूच नये, कारण गठ्ठा आतून तापतो, बुरशी धरते आणि गंजीला आग लागण्याचाही धोका असतो.

गठ्ठ्याची लांबी ताऱ्यासारख्या दातांच्या चाकाजवळील थांबा सरकवून ठरते. ९० सेंटिमीटरच्या आसपास ठेवल्यास गठ्ठा एका माणसाला उचलता येतो.

आता नॉटर. सुतळी सुटली, तर तिची टोके उचलून नीट पाहावीत, कारण दोष त्यांवरच दिसतो. गाठ एकाच टोकाला असेल आणि दुसरे टोक न तुटता निसटले असेल, तर सुतळी धरणारी चकती सैल आहे. टोक चिरडलेले किंवा पिंजलेले असेल, तर ती फार घट्ट आहे. गाठ चोचीसारख्या हुकाला अडकून सुतळी तुटत असेल, तर हुकावरचा गंज बारीक एमरी कागदाने घासून काढावा आणि मगच त्याच्या जिभेचा ताण किंचित कमी करावा. स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवावा. प्रत्येक बदलानंतर नॉटरचा खटका हाताने सोडून फ्लायव्हील त्याच्या नेहमीच्या दिशेनेच हाताने फिरवावे आणि सुया प्लंजरला न घासता वर येतात का, हे पाहावे. तागाच्या सुतळीऐवजी प्लास्टिकची सुतळी घातली, तर ती अधिक निसरडी असल्याने ही जुळणी पुन्हा करावी लागते.