महाविद्यालयाच्या वायफायवर प्रत्येकाला स्वतंत्र प्रवेश कसा द्यावा

अनेक महाविद्यालयांत वायफायचा एकच पासवर्ड सर्वांना दिलेला असतो. नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याकडेही तो राहतो आणि बदलायचा म्हटले तर प्रत्येकाच्या फोनमध्ये बदलावा लागतो, म्हणून तो वर्षानुवर्षे तसाच चालतो. मॅक पत्त्यांची (प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क-ओळख क्रमांकांची) यादी ठेवून प्रवेश रोखण्याच्या फंदात पडू नये. हा पत्ता सहज नक्कल करता येतो, शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला मुळात वेगळाच पत्ता दाखवतात.

त्याऐवजी ॲक्सेस पॉइंटवर, म्हणजे वायफाय पुरवणाऱ्या उपकरणावर, डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ एंटरप्राइझ हा प्रत्येकाची स्वतंत्र ओळख तपासणारा सुरक्षा-पर्याय निवडावा. यात ॲक्सेस पॉइंट स्वतः निर्णय घेत नाही; तो फोनची विनंती रेडियस सर्व्हरकडे, म्हणजे खाती तपासणाऱ्या मध्यवर्ती संगणकाकडे, पाठवतो आणि सर्व्हर होकार किंवा नकार देतो. लिनक्सवर चालणारे फ्रीरेडियस हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसे आहे. सर्व्हरवर प्रत्येक ॲक्सेस पॉइंटची नोंद करून त्याला वेगळा, लांबलचक गुप्त शब्द द्यावा, १८१२ आणि १८१३ हे यूडीपी पोर्ट फक्त त्यांच्यासाठीच उघडावेत आणि ही वाहतूक विद्यार्थ्यांच्या जाळ्यापासून अलग ठेवावी. २०२४ मध्ये ‘ब्लास्ट-रेडियस’ नावाने उघड झालेली त्रुटी लक्षात घेऊन सर्व्हर व ॲक्सेस पॉइंट दोन्हींचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे आणि ‘मेसेज-ऑथेंटिकेटर’ (संदेशात वाटेत फेरफार झालेला नाही हे तपासण्याची खूण) सक्तीचा करावा.

इथपर्यंत नेटवर्क माणसाला ओळखू लागते. फोनने नेटवर्कला ओळखणे मात्र बहुतेक ठिकाणी राहून जाते, आणि खरी गळती तिथेच होते. तुमच्याच नावाचे वायफाय कोणीही शेजारच्या चहाच्या टपरीवरून सुरू करू शकतो. नाव आणि पासवर्डने प्रवेश देणाऱ्या पीईएपी पद्धतीत पासवर्डची देवाणघेवाण कूटबद्ध मार्गाने होत असली, तरी फोनने सर्व्हरचे प्रमाणपत्र (त्याचे डिजिटल ओळखपत्र) तपासले नाही तर तो मार्ग थेट भामट्याच्या सर्व्हरपर्यंत जातो. आणि त्या मार्गाच्या आत पासवर्ड सिद्ध करण्यासाठी वापरली जाणारी एमएस-चॅप व्ही२ ही पद्धत फोडता येते, हे २०१२ मध्येच दाखवून दिले गेले आहे. म्हणून विद्यार्थ्यांना दिलेल्या सूचनापत्रकात ‘प्रमाणपत्र तपासू नका’ असा पर्याय कधीही सुचवू नये. संस्थेचे मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या आधारे सर्व्हरचे प्रमाणपत्र खरे ठरते ते) आणि सर्व्हरचे डोमेन नाव आधीच भरलेले प्रोफाइल, म्हणजे तयार मांडणीची फाइल, वाटावे, म्हणजे अनोळखी प्रमाणपत्रावर ‘विश्वास ठेवा’ असे दाबायची वेळ कोणावर येणार नाही.

संस्थेच्या मालकीच्या लॅपटॉपसाठी ईएपी-टीएलएस ही प्रमाणपत्रावर चालणारी पद्धत अधिक चांगली, कारण त्यात पासवर्डच नसतो. प्रत्येक यंत्राला स्वतःचे प्रमाणपत्र मिळते आणि यंत्र हरवले तर तेवढेच रद्द करता येते. मात्र रद्द केलेल्या प्रमाणपत्रांची यादी रेडियस सर्व्हर प्रत्यक्ष तपासतो की नाही, याची खात्री करून घ्यावी. सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत संपण्याची तारीखही नोंदवून ठेवावी, नाहीतर ऐन ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी सर्वांचेच वायफाय बंद पडेल.

ओळख पटल्यावर कोणाला कुठपर्यंत जाऊ द्यायचे, हे रेडियसच्या उत्तरातूनच ठरवावे: विद्यार्थी, शिक्षक आणि लेखा विभाग यांना वेगवेगळे व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे अलग केलेले भाग) द्यावेत, पाहुण्यांना फक्त इंटरनेट. खाते बंद केले तरी चालू असलेली जोडणी लगेच तुटत नाही, म्हणून सत्राला कालमर्यादा घालावी. भारतात एर्नेट या शिक्षण-संशोधन नेटवर्कमार्फत चालणाऱ्या एडुरोममध्ये (आपल्याच संस्थेच्या खात्याने इतर संस्थांचे वायफाय वापरू देणाऱ्या सेवेत) सामील व्हायचे असेल, तर हीच मांडणी पायाभूत ठरते.

शेवटी व्यवस्थापनाची परवानगी घेऊन एक चाचणी करावी. रिकाम्या खोलीत त्याच नावाचा ॲक्सेस पॉइंट लावून त्याला मुद्दाम वेगळ्या प्रमाणपत्राच्या चाचणी-सर्व्हरशी जोडावे, आणि स्वेच्छेने दिलेले काही फोन तिथे न्यावेत. जो फोन जोडणी नाकारण्याऐवजी पासवर्ड सिद्ध करण्याच्या टप्प्यापर्यंत पोहोचेल, त्यातील जुनी मांडणी पुसून प्रोफाइल नव्याने बसवावे आणि त्या खात्याचा पासवर्ड बदलावा.