सामायिक टेम्प्लेट वापरताना: प्रत कोणती, जोडणी कोणती

एकाच धाटणीचे प्रकल्प वारंवार हाती घेणाऱ्या संस्थेत दर वेळी आराखडा कोऱ्या पानापासून मांडला, तर मागच्या वेळी सुटलेली कामे पुन्हा सुटतात. हे टाळण्यासाठी सामायिक टेम्प्लेट, म्हणजे आराखड्याचे तयार साचे, असतात. परंतु ती वापरण्यापूर्वी एक फरक पक्का समजून घ्यावा, कारण बहुतेक गोंधळ तेथेच सुरू होतो. काही टेम्प्लेटची फक्त प्रत निघते: प्रकल्प तयार झाला की मूळ साच्याशी त्याचा संबंध संपतो. काही सोयी मात्र प्रत्यक्षात सामायिक असतात, म्हणजे अनेक प्रकल्प एकाच मांडणीवर चालतात आणि तिच्यातील बदल त्या सर्वांना लागू होतो. आपण यांपैकी कशाला हात लावत आहोत, हे बदल करण्याआधी ठाऊक असलेच पाहिजे.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या प्रकल्प-नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कामांचा आराखडा असलेले टेम्प्लेट पहिल्या प्रकारात मोडते. ते तयार करण्यासाठी नीट पार पडलेल्या एखाद्या प्रकल्पाची फाइल घ्यावी आणि ‘सेव्ह ॲज’मधून तिचा प्रकार टेम्प्लेट असा निवडावा. त्या वेळी सॉफ्टवेअर पाच गोष्टी काढून टाकायच्या का, असे विचारते: सर्व बेसलाइनची (तुलनेसाठी साठवलेल्या मूळ आराखड्याची) मूल्ये, प्रत्यक्ष झालेल्या कामाची मूल्ये, रिसोर्सचे (कामासाठी लागणारी माणसे व साधने यांचे) दर, ठरावीक खर्च, आणि कामे प्रोजेक्ट वेब ॲपवर (ब्राउझरमधून चालणाऱ्या भागावर) प्रकाशित झाली होती की नाही याची नोंद. माझ्या मते पाचही खुणा कराव्यात. ठरावीक खर्च प्रत्येक प्रकल्पात खरोखरच तेवढाच येत असेल, तरच तो राहू द्यावा.

एवढ्याने साचा स्वच्छ होत नाही, आणि येथे घाई करू नये. व्यक्तींची नावे, कामांवरील टिपा, अंतिम मुदती आणि तारखांची बंधने त्या खिडकीतून निघत नाहीत. ती हातानेच काढावी लागतात. व्यक्तींच्या जागी ‘विश्लेषक’, ‘चाचणी अभियंता’ असे भूमिकेचे नाव असलेले जेनेरिक रिसोर्स ठेवावेत, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापक प्रत्यक्ष माणसे नंतर नेमू शकतो. बंधनांकडे तर विशेष लक्ष द्यावे. आपोआप वेळापत्रक लागणाऱ्या कामाच्या सुरुवातीच्या रकान्यात कोणी तारीख टंकित केली, की ‘या तारखेपूर्वी सुरू नाही’ असे बंधन त्या कामावर लागते, आणि टंकित करणाऱ्याला ते बहुधा कळतही नाही. बंधनाच्या प्रकाराचा रकाना तक्त्यात आणून सर्व कामे ‘शक्य तितक्या लवकर’ या प्रकारावर आणावीत. कामांचा क्रम तारखांनी नव्हे, तर परस्परावलंबनाने बांधलेला असावा.

त्यानंतर टेम्प्लेटवरून एक चाचणी प्रकल्प काढून त्याची सुरुवातीची तारीख आधी काही महिने पुढे आणि मग मागे न्यावी. जे काम बाकीच्यांबरोबर सरकत नाही, त्यावर बंधन शिल्लक आहे किंवा ते हाताने वेळापत्रक लावण्याच्या पद्धतीवर राहिले आहे. कॅलेंडरही याच वेळी तपासावे, कारण दिवसाला ८ आणि आठवड्याला ४० तास हे मूळ गृहीतक आपल्या संस्थेच्या कामाच्या वेळांशी जुळेलच असे नाही.

तयार टेम्प्लेट एंटरप्राइझ प्रोजेक्ट टाइपला (वेब ॲपमध्ये ठरवून ठेवलेल्या प्रकल्पाच्या प्रकाराला) जोडले, म्हणजे वेब ॲपमधून नवा प्रकल्प सुरू करणाऱ्याला योग्य आराखडा, माहितीची पाने आणि कार्यप्रवाह एकत्र मिळतात. फाइल शोधत बसावे लागले की लोक आपापल्या संगणकावरील जुन्या प्रती वापरू लागतात, म्हणून ही जोडणी टाळू नये.

एंटरप्राइझ ग्लोबल ही सर्व्हरवरील सामायिक मांडणी निराळी गोष्ट आहे; ती दुसऱ्या प्रकारात मोडते. तिच्यात दृश्ये, तक्ते, फिल्टर, गट आणि मॅक्रो असतात, आणि सर्व्हरला जोडलेल्या प्रत्येकाला ते सर्व मिळते. बदलाचा अधिकार असलेल्या व्यक्तीने ती चेक आउट करून (बदलासाठी स्वतःच्या ताब्यात घेऊन) उघडावी, नवे दृश्य ऑर्गनायझर या खिडकीतून तिच्यात घ्यावे आणि साठवून चेक इन करावे, म्हणजे ताबा सोडावा. इतरांना ते प्रोजेक्ट बंद करून पुन्हा सुरू केल्यावर दिसते.

कामांचा मागोवा ठेवणाऱ्या जिरा या सॉफ्टवेअरमध्येही हीच सावधगिरी लागते. कंपनीच्या व्यवस्थापनाखालील प्रकल्प तयार करताना दुसऱ्या प्रकल्पाच्या सेटिंग वाटून घेण्याचा पर्याय निवडला, तर दोन्ही प्रकल्प त्याच स्कीम (सेटिंगचे संच) वापरतात, त्यामुळे एका चमूसाठी कार्यप्रवाहात घातलेली पायरी दुसऱ्या चमूच्याही कामात उतरते. एकालाच वेगळे हवे असेल, तर आधी कार्यप्रवाहाची आणि त्याच्या स्कीमची प्रत करावी, नवी स्कीम त्या प्रकल्पाला लावावी आणि मगच बदल करावा.

प्रतीच्या टेम्प्लेटमध्ये सुधारणा झाली, तर चालू प्रकल्पांपर्यंत ती आपोआप पोहोचत नाही. म्हणून टेम्प्लेटमध्ये ‘टेम्प्लेट आवृत्ती’ असे एक एंटरप्राइझ कस्टम फील्ड (संस्थेने स्वतः तयार केलेला रकाना) भरलेले ठेवावे. कोणता प्रकल्प कोणत्या आवृत्तीवरून निघाला, हे त्यावरून कळते, आणि नव्याने भर पडलेली कामे कोणत्या चालू आराखड्यांत हाताने घालायची, याची यादी काढता येते. बेसलाइन आधीच ठरलेली असेल, तर नवी कामे घातल्यावर फक्त त्यांचीच बेसलाइन निवडून साठवावी. संपूर्ण आराखड्याची पुन्हा साठवल्यास तोवर झालेला विलंब अहवालांतून नाहीसा होतो.